ओसरीतलं ताट

साखर तपासायला मी वाशिमच्या दवाखान्यात गेले होते. बाकावर शेजारी मालेगावकडची एक बाई बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत तिने सगळं सांगून टाकलं. ऊसतोडीहून परतलेल्या नवऱ्याला एचआयव्ही निघाला होता. आज तिचा रिपोर्ट मिळायचा होता.

"चार महिने झाले, त्यायचं ताट मी ओसरीत देतो," ती म्हणाली. "पण त्याच्या आंधी त्यायच्याच उष्ट्या ताटात जेवत होतो ना बाई. मले झालाच असन."

"ताटानं होत नाही. निरोध वापरता का?" मी सरळ विचारलं.

"तो हे परतले त्या पयल्या दिवसापासून. गावातल्या आशाताईनं ऊसतोडीवाल्यायच्या सगळ्या बायकायले बजावलं होतं. त्याचं भेव नाही, ताटाचंच हाय."

जे सांभाळायचं ते हिने बरोबर सांभाळलं होतं आणि भीत होती भलत्याच गोष्टीला.

नाव पुकारल्यावर ती आत गेली. बाहेर आली ती कागद छातीशी धरूनच.

"नाही निंघाला! इतकं उष्टं खाल्लं, तरी नाही!"

मलाही हायसं वाटलं. तिने लगेच नवऱ्याला फोन लावला.

"मले काही नाही झालं. आन आइका, एकटे जेवून घेऊ नका. मी येऊन राह्यली, घरात संगच बसू."