सिनेमाच्या नावाच्या डब्या

बातमीदाराकडं किस्से जमतात ते छापून न आलेल्या मजकुरातून. अंकात जागा नसते, संपादकाला रस नसतो, मग ती गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली जाते आणि सांगून सांगून बातमीपेक्षा जास्त जगते. मी उभी हयात पाणीटंचाई, खड्डे आणि पुढाऱ्यांच्या पत्रकांवर घालवली. त्यातलं एक वाक्य कुणाला आठवत नाही. आमच्या डबी-मंडळाचे किस्से मात्र लोक लग्नाच्या पंगतीत मलाच ऐकवतात, तेही चुकीचे. म्हणून एकदा बरोबर लिहून ठेवतो.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. एक डबी लपवायची आणि तिचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या ॲपवर टाकायचे. दुसऱ्यानं ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथंच ठेवायची. डबीत छोट्या-मोठ्या वस्तूही असतात. त्यातलं काही घेतलं, तर त्याच्या तोडीचं किंवा वरचढ काही ठेवायचं, हा नियम.

हे वेड कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या देशपांडे मॅडमनी आणलं. त्यात बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी आले, औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान असलेले सलीमभाई आले, जगदाळे आला आणि मी. आमच्या नव्या संपादकानं मला विचारलं, "या वयात लपाछपी?" मी म्हणालो, "तुम्ही रोज बातमीत जाहिरात लपवता. मी निदान शोधणाऱ्याला पत्ता देतो."

प्रत्येक डबीला सिनेमाचं नाव द्यायचं, ही कल्पना सलीमभाईंची. सिनेमा आठवला की जागा सापडली पाहिजे. त्या सिनेमांची नावं मात्र इथं देणार नाही. सिनेमावाल्यांची वकिली नोटीस मी नोकरीत एकदा घेतली आहे, तेवढी पुरे.

एकच नाव देतो, कारण त्याचा निर्माता, दिग्दर्शक आणि चहा सांगणारा माणूस आमचाच आहे. जगदाळेनं तरुणपणी, घरच्या शेतीवर भावाला बसवून, एक मराठी सिनेमा काढला होता: 'त्रेपन्नावा दरवाजा'. बावन्न दरवाजांच्या या शहरात आणखी एक दरवाजा शोधत फिरणाऱ्या बांगडीवाल्याची गोष्ट. एका थिएटरात एक आठवडा चालला आणि उतरला. डब्यांची नावं ठरवताना कुणीतरी तो विषय काढलाच, तर जगदाळे हात झटकायचा. "सोडा ओ. पाहिला कुणी? सगळे पासवाले होते. माझी मावशी, माझा मेव्हणा आन् फुकटे. तिकीट काढून एक माणूस आत आला नाय."

हे तो हसत म्हणायचा. पण दर वेळी म्हणायचा.

*

पहिली डबी भुताच्या सिनेमाची. सलीमभाईंनी ती गावाबाहेर एका वडाखाली ठेवली. स्टीलच्या डब्याला सिमेंट फासून, रंगवून असा हुबेहूब दगड केला, की ठेवल्यावर त्यांना स्वतःलाच तो दोनदा शोधावा लागला.

महिन्याभरानं आम्ही गेलो तर दगडाला शेंदूर. पुढच्या खेपेला नारळ. त्याच्या पुढच्या खेपेला चार विटांचा कट्टा आणि तेल घालायला शनिवारची रांग. आता डबी उघडायची कशी? मॅडम म्हणाल्या, खरं काय ते सांगून टाकू. मी म्हणालो, रांगेतल्या माणसांना सांगा, मी गाडी सुरू करून थांबतो.

सलीमभाई मात्र चपला काढून शांतपणे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर दगडाकडं बघत मला हळूच म्हणाले, "अख्बारवाले, मैं तो भूत रखके गया था. तुम लोगां क्या कर डाले देखो."

*

पुंडलिकनगरच्या बागेत एका बाकाखाली प्रेमकथेची डबी होती. अडचण एवढीच, की त्या बाकावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चार ज्येष्ठ नागरिक बसलेले असायचे. डबी कुणाच्या नजरेला पडू न देता काढायची, हे या खेळातलं मुख्य कौशल्य. कुलकर्णींनी बँकेत इतकी वर्षं काढल्यामुळं त्यांना वाटतं की गंभीर चेहरा केला की कुणी प्रश्न विचारत नाही.

ते गंभीर चेहऱ्यानं गेले, बाकाखाली वाकले आणि चाचपडू लागले. काय हरवलं म्हणून विचारल्यावर घाईत बोलून गेले, "कवळी. काल इथं पडली."

लगेच चारही म्हातारे उठले. एकानं काठीनं पानं उकरली, एकानं माळ्याला हाक मारली, एकानं मोबाइलचा टॉर्च लावला. कुलकर्णी "राहू द्या, राहू द्या" म्हणत दात विचकत उभे. चौथे गृहस्थ काही वेळ त्यांच्याकडं निरखून बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, मग ही तोंडात आहे ती कुणाची?"

*

वेरूळच्या रस्त्यावर एका ढाब्यामागं खजिन्याच्या सिनेमाची डबी आहे. मॅडमनी तिच्यात एक सुरेख पितळी होकायंत्र ठेवलं होतं. कुलकर्णींनी डबी शोधली, सही केली, होकायंत्र घेतलं आणि बदल्यात शाम्पूची पुडी ठेवली.

मॅडमना हे कळलं त्या दिवशी आमच्यात जवळजवळ फूट पडली. "कुलकर्णी, होकायंत्राच्या तोडीचं आहे का ते?"

"मॅडम, सुगंधी आहे."

मॅडमनी त्यांना परत वेरूळला पाठवलं. यांनी घरातली एक चांदीची वाटी नेऊन ठेवली. ती वाटी कुलकर्णी वहिनींच्या माहेरची होती. त्यामुळं तिसऱ्यांदा वेरूळला गेले ते वहिनींना मागं बसवून. वहिनींनी वाटी काढली, होकायंत्र डबीत परत ठेवलं आणि येताना घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. देवळातून बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला दिशा दाखवायचं काम माझ्याकडंच राहू द्या."

*

आता माझा किस्सा. मी सांगितला नाही तर बाकीचे सांगतात आणि त्यात भर घालतात.

पोलिसांच्या सिनेमाची एक डबी एका सरकारी इमारतीच्या कंपाउंडच्या भिंतीत, निखळलेल्या दगडाच्या खाचेत होती. मी कोपरापर्यंत हात घालून उभा असताना सुरक्षारक्षक आला. हात अडकला होता, तरी आवाज मोकळा होता. मी त्याला ऐकवलं की भिंत सार्वजनिक पैशातून बांधलेली आहे, तिचे दगड निखळले आहेत ही बातमी आहे, आणि कुठल्या नियमाखाली तू मला हटकतोस ते लेखी दे. मी पत्रकार आहे, हेही सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यापासून भिंतीपर्यंत नजर फिरवली.

"पत्रकार असा हात घालून बातम्या काढतेत व्हय?" म्हणाला, "तरीच लई दिवस झाले, काय निघंना."

नंतर त्यानंच साबणाचं पाणी आणून हात सोडवला.

*

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ॲपवर शहरातली नवी डबी दिसली. नाव: 'त्रेपन्नावा दरवाजा'. लपवणाऱ्याचं नाव आमच्या ओळखीचं नव्हतं. जागा: जिथं ते थिएटर होतं तिथं.

थिएटर पाडून आता मंगल कार्यालय झालं आहे. मी जगदाळेला फोन केला तर त्याला आधीच कळलं होतं आणि तो तापला होता. "थट्टा करायची तर तोंडावर करा. दया करत असाल तर त्याहून वाईट. कुणाचं काम हे?"

मी नाही म्हणालो. कुलकर्णी नाही म्हणाले. मॅडम तर दुखावल्याच. नवी डबी न सांगता ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. सलीमभाईंनी दुकानात, गिऱ्हाइकासमोर, आईची शपथ घेतली. जगदाळेचा कुणावरच विश्वास बसला नाही. टपरीवर यायचा बंद झाला. आम्हीही ती डबी शोधायला गेलो नाही. दुसऱ्या कुणाला सापडल्याचीही ॲपवर नोंद नव्हती. शेवटी त्याचाच फोन आला. "चला. काय ठिवलंय ते बघून टाकू."

गेलो. कार्यालयात कुणाच्या तरी हळदीचा मांडव घालणं चाललं होतं. मागच्या कंपाउंडमध्ये थिएटरची एक जुनी भिंत तेवढी राहिली आहे. तिच्यात बाहेर पडायचा दरवाजा होता, तो विटांनी बुजवला आहे. चौकट मात्र अजून दिसते. जगदाळेनं कुणाला हात लावू दिला नाही. चौकटीच्या खालच्या अंगाला एक वीट हलत होती. तिच्यामागं छोटी डबी होती.

सहीचा कागद कोरा होता. त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक गुलाबी तुकडा. थिएटरचं तिकीट, अर्धं फाडलेलं. मागं निळ्या पेनानं लिहिलं होतं: त्रेपन्नावा दरवाजा, संध्याकाळचा खेळ.

सलीमभाईंनी आपला वाचायचा चष्मा काढून जगदाळेला दिला. तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिला. मांडववाल्यांची हातोडी ठोकठोक चालू होती.

"पास पिवळे होते," तो म्हणाला. "मीच छापले होते. हे पास नाय."

त्यानं तुकडा उजेडाकडं धरला.

"बाल्कनीचं हाय. आन् फाडलंय. म्हंजे दारावरच्यानं फाडून माणूस आत सोडला."

"घ्या, जगदाळे," कुलकर्णी म्हणाले. "ठेवा तुमच्याकडं."

जगदाळेनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "घ्या. आज नियम राहू द्या."

त्यानं तिकीट सलीमभाईंच्या हातात दिलं आणि खिसे चाचपले. रुमाल निघाला, स्कूटरची किल्ली निघाली, बीपीच्या गोळ्यांची पट्टी निघाली. घड्याळ काढलं, कानाशी धरलं, परत मनगटावर बांधलं. मग तिकीट घेऊन पिशवीत घातलं, पिशवी डबीत, डबी भिंतीत. वीट बसवून तिच्यावरनं दोनदा तळहात फिरवला.

"याच्या तोडीचं माझ्यापाशी काय बी नाय," जगदाळे म्हणाला.