उघड्या तोंडाच्या अकरा बरण्या

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण मला आजही पहिल्या फोनपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सांगता येईल. खून नाही, दरोडा नाही. वर्तमानपत्रात त्याची एक ओळही आली नाही. तरी नोकरीतलं अवघड प्रकरण कोणतं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगतो. नाव कोणाचंच लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

ते कुटुंब डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडच्या एका बैठ्या चाळीत भाड्याने राहायचं. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुली. नवरा औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद झाला तेव्हा त्याचं वय असं, की नवीन ठिकाणी कोणी घेईना. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, गेटागेटावर विचारून दुपारी परत यायचा. पुढे पुढे डबा न्यायचंही सोडलं. बाई एका लोणच्याच्या कारखान्यात बरण्या भरायच्या कामाला होत्या, तोही दुसरीकडे हलला. स्वयंपाक एकदाच, संध्याकाळी, आणि त्यातलंच उरलं तर सकाळी मुलींना, असे दिवस होते. हे सगळं मला नंतर कळलं. आमच्याकडे ते कुटुंब आलं ते 'गावठी गाळणारे' म्हणून.

मी तेव्हा सहायक निरीक्षक. सकाळची हजेरी संपून ड्यूटीवाटप चाललं होतं, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. "चाळीत एका खोलीत दारू काढतात. गल्लीभर वास सुटतो. बाई भंगारातनं मोठमोठ्या बरण्या आणते. माझं नाव विचारू नका." फोन बंद.

अनुभवाने सांगतो, निनावी फोन करणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नाही, पण पूर्णही बोलत नाही. त्याने बाहेरून वास घेतलेला असतो, आत डोकावलेलं नसतं.

हवालदार, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन आम्ही पोचलो. मोरीशेजारच्या फळीवर अकरा बरण्या ओळीने मांडलेल्या. काही काचेच्या, किराणा दुकानात लिमलेटच्या गोळ्या ठेवतात तसल्या. काही चिनी मातीच्या, इमारत पाडायला काढली की लोक भंगारात देऊन टाकतात तसल्या. एकीच्या कडेचा टवका उडालेला. प्रत्येकीच्या तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा सुतळीने बांधलेला. आत गर्द जांभळं पाणी, वर फेस. आणि वास दारूचाच.

अशा छाप्यात पद्धत ठरलेली असते. नमुना काढायचा, उरलेलं जागेवरच ओतून नष्ट करायचं, तसं पंचनाम्यात लिहायचं. हवालदाराने पहिली बरणी उचललीसुद्धा. बाई मोरीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ओतू नका हो साहेब. दारू नाही ती, शिरका आहे, व्हिनेगर म्हणतात ना तो. कल्याणच्या मार्केटात दबलेली जांभळं स्वस्तात मिळतात ना, त्याचा. लोणच्याच्या कारखान्यात शिकलेय मी."

"शिरका म्हणे!" हवालदार म्हणाला. "वहिनी, माझं नाक पंचवीस वर्षं ड्यूटीवर आहे."

"नाक तुमचं बरोबर आहे, भाऊ. आज बारावा दिवस. आज ती दारूच आहे म्हणा ना. महिन्याने या, मग वास घ्या."

झालं. पंचांसमोर बाईंनी स्वतःच्या तोंडाने कबुली दिली. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. नवरा भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. एवढंच बोलला, "साहेब, केस झाली की घरमालक त्याच दिवशी सामान बाहेर काढील. मुलींना घेऊन कुठं जाऊ?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या धुवायचे आणि मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. दारूला हवा लागत राहिली की तिचं आम्ल होतं आणि तोच शिरका, हे मी परीक्षेत समीकरणासकट लिहिलं होतं. पण त्या खोलीत ते मला आठवलं ते बाई बोलल्यावर.

"ओतायचं नाही," मी म्हणालो. दहा बरण्यांच्या सुतळीवर सहीच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, 'सांभाळून ठेवू, मागाल तेव्हा हजर करू' अशा सुपूर्तनाम्यावर त्या त्यांच्याच घरी ठेवल्या आणि एक ठाण्यात घेतली. नमुना बाटलीत भरून हवालदार बूच लावून लाखेचं सील करायला बसला, तशा बाई पुन्हा पुढे आल्या.

"बूच कशाला? कापड बांधा. बूच लावलं की ते जिथं आहे तिथंच थांबतं."

"सरकारी नमुन्याला साडी नेसवून पाठवू का वहिनी?"

सगळे हसले. मीही हसलो. तिथे माझं चुकलं.

ठाण्यात बाईंना खुर्ची दिली, चहा दिला. माझी पद्धत अशी, की आधी गुन्ह्याचं विचारायचंच नाही, वस्तूंचं विचारायचं. माणूस गुन्ह्याबद्दल सावध असतो, वस्तूंबद्दल मोकळं बोलतो.

"बरण्या कुठून आणल्या?"

"भंगारवाल्याकडनं. दुकानात नवीन घ्यायची ऐपत नाही. तीन महिने एकेक जमवली. कोपरापर्यंत हात आत गेला तरच घ्यायची, नाहीतर घासणार कशी? मग कढत पाणी ओतून दिवसभर झाकून ठेवायची. उघडल्यावर कसलाही वास आला की परत."

"कंपनीचे निळे ड्रम मिळतात की स्वस्तात. अकरा बरण्यांचं एकात मावेल."

"ह्यांनी वीस वर्षं रंगाच्या कंपनीत काढलीत साहेब. त्या ड्रमात काय असतं ते आम्हाला विचारा. लोकांच्या पोटात जायचंय ते."

भंगारवाल्याला बोलावलं. तो दारातूनच हात जोडत आला. चोरीचा माल सापडला असावा, अशी त्याची समजूत.

"या ताई? साहेब, यांनी माझं डोकं फिरवलंय! दारूवाले येतात ना, ते बारीक तोंडाचे काळे कॅन उचलतात. बूच घट्ट बसतं का एवढंच बघतात, बस."

"कोण दारूवाले?"

"नाय साहेब... म्हणजे ऐकलेलं. आपल्याला काय माहीत." त्याने घाम पुसला. "पण ही ताई वास घेते, हात घालते, उन्हात धरून चीर बघते. आणि घेतली की झाकण मला परत! म्हणते, झाकण नको, तेवढे पैसे कमी कर. कोण असं करतं?"

"झाकणं आहेत?"

अर्ध्या तासात त्याने गोणी आणून टेबलावर पालथी केली. पत्र्याची, प्लॅस्टिकची, चिनी मातीची, सगळी मिळून अकरा झाकणं. मी एकेक बघत बसलो. दारू करणारा हवेला भितो, त्याला आधी झाकण लागतं. या बाईंनी तर झाकणं विकतच घेतली नव्हती. माझ्यापुरतं प्रकरण तिथे सुटलं.

पण माझ्यापुरतं सुटून चालत नाही. तीन आठवड्यांनी रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आला. नमुन्यात मद्यार्क आहे. वरिष्ठ निरीक्षकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "करा गुन्हा दाखल."

"साहेब, आपण बूच लावलं म्हणून ती दारू राहिली. आपल्या बाटलीत तिला हवाच मिळाली नाही."

"म्हणजे बाईने नाही, पोलिसांनी दारू केली?"

"तसंच म्हणा, साहेब."

"बी.एस्सी. झालात म्हणून आता लॅबला शिकवणार?"

"शिकवत नाही. मुद्देमालात एक बरणी आहे, कापड बांधलेली. तिचा नमुना पाठवू द्या. तोही तसाच आला तर मी स्वतः फिर्याद देतो."

त्यांनी अहवाल फायलीत लावला. मग म्हणाले, "एकच संधी. आणि लेखी विनंती तुमच्या सहीची."

मुद्देमाल कारकून त्या बरणीला वैतागला होता. चिलटं येतात, फायलींना वास लागतो, रोज तक्रार. हवालदार मात्र रोज सकाळी येऊन तिचा वास घ्यायचा. नमुना लगेच पाठवू नका, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही थांबलो. एका सकाळी तो डोळे पुसत माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, झोंबलं."

"काय?"

"नाक. दारूचा वास गेला साफ. नुसतं आंबट चढतंय." मग म्हणाला, "वहिनींना मी फार बोललो त्या दिवशी."

दुसरा नमुना गेला. या वेळी कोणता कधी घेतला, कशात ठेवला होता, हे सगळं पत्रात सविस्तर लिहिलं. अहवाल आला. आम्ल भरपूर, मद्यार्क नावापुरता. वरिष्ठांनी तो दोनदा वाचला आणि चौकशी बंद करायच्या कागदावर सही केली. नंतर विचारलं, "विकत मिळेल का हो एक बाटली? घरी लोणच्याला हवाय."

निरोप द्यायला हवालदार स्वतः गेला. मीही बरोबर होतो. बाईंनी दोन पेले पाणी आणून ठेवलं. नवरा उठून उभा राहिला आणि बरण्यांवरच्या आमच्या कागदी पट्ट्या एकेक करून सोडवू लागला. एकही पट्टी फाटू दिली नाही. सगळ्या नीट घडी करून माझ्या हातात दिल्या.

पुढे अन्न परवान्याचा अर्ज भरायला मी त्यांना मदत केली. त्यात माझं कौतुक नाही, फॉर्म इंग्रजीत होता एवढंच.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. पुरावा आपल्याला मिळतो असं आम्ही पोलीस समजतो. पुष्कळदा तो आपण ज्यात भरून ठेवतो, तसाच होऊन बसतो. म्हणून ज्याच्यावर आरोप आहे तो नमुना घेताना काही सांगत असेल, तर हसण्याआधी ऐकून घ्यावं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक उपनिरीक्षकाला मी हे सांगितलं. कोणी ऐकलं, कोणी नाही.

त्या कुटुंबावर गुन्हा दाखल झाला नाही. खोली गेली नाही, एकही बरणी ओतली गेली नाही. आज बाईंच्या नावावर अन्न परवाना आहे, मानपाड्याला स्वतःचा छोटा गाळा आहे, आणि नवरा-बायको मिळून तिथे चार बायकांना काम देतात.