खोका कानाशी धरायची सवय

आज मी मशीनवर उभी आहे ती बदनापूरच्या मावशींमुळे. हे आधी सांगून टाकते. नाहीतर मशीनचं सांगता सांगता त्या राहून जातील.

मी गडचिरोलीकडची. शाळा आठवीतच सुटली. मोठी झाल्यावर ठेकेदाराबरोबर जालन्याजवळच्या या गोदामात आले. ऑनलाइन मागवलेल्या काचेच्या बरण्या, कप इथून पॅक होऊन जातात. राहायची खोली ठेकेदाराचीच. काम गेलं की खोलीही गेली. ही धास्ती अजून आहे.

पॅकिंग मावशींनीच शिकवलं. बरणीभोवती कागद कोंबायचा, टेप मारण्याआधी खोका कानाशी धरून हलवायचा. वाजला तर आणखी कागद. आमच्या टेबलांवर सगळ्याच बाया तसं करायच्या.

मग मशीन आलं. प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून ते आपोआप खोक्यात सोडतं. किती हवा सोडायची ते बटणावर ठरवायचं. टेबलं उचलली, बऱ्याच बाया गेल्या. बटणं मला जमतील म्हणून मला तिथं उभं केलं, पण हात जुनाच. खोका पुढे आला की उचलून कानाशी. सरकत्या पट्ट्यावर खोका दिसला नाही की मशीन लाल दिवा लावून बंद.

"काय गं, खोक्यातून फोन आलाय का? आईचा हाय का?" सुपरवायझर ओरडला. सगळे हसले. मला रडू आलं. दुसऱ्याला आणतो, म्हणाला.

मावशी तेव्हा मशीनच्या पुढे, जिथं टेप आपोआप लागते तिथं खोके तपासायला होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "पोरी, तू खोका सोडून देत जा. पुढं मी हाय ना. हात तुझा, कान माझा."

तेव्हापासून माझा हात थांबला. माझी हवा मात्र कधी कमी पडायची. मावशी खोका हलवायच्या आणि वाजला तर एप्रनच्या खिशातला कागद गुपचूप आत सारायच्या.

एकदा सुपरवायझरनं विचारलं, "मावशी, खोके वाजून राह्यले का?"

"बिलकुल न्हाई. पोरगी बराबर हवा सोडून राह्यली."

"मंग इथं माणूस कशाला लागतं?"

मावशी खिशावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्या नळावर डबा धूत होत्या. मी म्हटलं, "खोटं कशाला बोललात?"

"वाजून राह्यले म्हनले असते तर तुला काढलं असतं. मला जायला घर हाय. तुला इथं कोन हाय?"

आठवड्याभरात टेपपाशी माणूस नको म्हणून मावशींना काढलं; आता त्या बदनापुरात दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात. हवा मला आता बरोबर जमते. तरी टेपकडे जाणारा प्रत्येक खोका मी नजरेआड होईपर्यंत बघते. तिथं कुणी नसतं.

मावशी, कुणाला कामावर घ्यायचं हे कधी माझ्या हातात आलं, तर पहिलं बोलवणं बदनापूरला येईल. मी स्वतः येईन न्यायला.