कार्डांचा गठ्ठा आणि पहिला वेचा

आमच्या विभागातले सगळे प्रबंध एकाच गठ्ठ्यातून जात. गठ्ठा म्हणजे जाड कागदाच्या, लांबट, भोकं पाडलेल्या कार्डांची चळत. ती पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असे. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. ही कार्डं क्रमाने कॉम्प्युटरच्या पोटात घालायची, त्यांच्यामागून आपल्या आकड्यांची कार्डं घालायची, की दुसऱ्या टोकाला निकालाचे तक्ते छापून येत. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर शाईची एक तिरकी रेघ ओढलेली होती. हातातून पडून कार्डं विखुरली, तर ती रेघ जुळवत पुन्हा लावायची.

हा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते संशोधक केव्हाच परदेशी गेले होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर होते, त्यांनी त्या संशोधकांना पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नव्हतं. त्यांच्यामागे गठ्ठ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण तो चालत होता. आत काय लिहिलंय ते विभागात कुणालाच सांगता येत नसे. चालणाऱ्या गोष्टीत हात घालायचा नाही, अशी आमच्याकडे एक न बोललेली शिस्त होती.

मी केळझरजवळच्या एका खेड्यातून वर्ध्याला शिकायला आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं तेव्हा बाबांनी विचारलं, "हे काय असते?"

"मोजणीचं शास्त्र, बाबा."

"मोजाले शास्त्र काहाले पाह्यजे?" ते म्हणाले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट म्हणाले, "पदवी घे. मंग पाहू."

माझ्या प्रबंधाचा विषय कापसाचा होता. जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत शेतकऱ्यांच्या वावरांत लहान लहान तुकडे पाडून गावरान आणि नवे संकरित वाण शेजारी शेजारी लावले होते. आमचं वावरही त्यांत होतं. प्रत्येक वेच्याला, म्हणजे कापूस वेचायची फेरी झाली की, त्या त्या तुकड्याचं वजन व्हायचं. ते आकडे आमच्याकडे यायचे, आणि कोणता वाण खरंच जास्त देतो ते मला काढायचं होतं.

वर्ध्यात आम्हाला कॉम्प्युटर नव्हता. गठ्ठा घेऊन नागपूरच्या संगणक केंद्रात जावं लागे. माझी पाळी आली आणि नेमकं तिथलं मशीन बदललं. जुन्या मशीनवर मुकाट चालणारा गठ्ठा नव्या मशीनने परत फेकला. बरोबरीच्या मुलांचे आकडे थोडे होते. त्यांनी हाताने गणितं करून प्रबंध दिले. माझे तसे होण्यासारखे नव्हते. मला हिवाळ्यापर्यंत मुदत वाढवून मिळाली, आणि ती पुन्हा वाढणार नाही, हेही सांगितलं गेलं. तोवर प्रबंध गेला नाही तर पदवी नाही. आणि पदवी नाही तर बाबांच्या 'मंग पाहू'चा अर्थ शिक्षण बंद, हे मला न विचारता कळत होतं.

केंद्रात एक ऑपरेटर काका होते. मला दारात पाहिलं की म्हणत, "काऊन जी ताई, आज पुन्हा लोणच्याचा डबा घेऊन आल्या का?"

"चालेल का हो आज, काका?"

"मले काय विचारता? याले विचारा." ते मशीनकडे बोट दाखवत. मग थोड्या वेळाने कार्डं परत देत. "नाई खात जी. पुराना माल आहे. कार्डं पावसानं फुगली, अन् भाषाबी जुन्या वळणाची. नवीन लिहून घ्या ना."

"मला लिहिता येत नाही."

"मंग शिका. इथं कोन पोटातून शिकून आलं?"

त्यांनी टेबलाखालून एक पुस्तक काढून दिलं. फोरट्रान या प्रोग्राम लिहायच्या भाषेचं, पाठीचा पुठ्ठा निघालेलं. "वापस आना चाहिये हां," असं बजावून दिलं.

मी शिकले, असं म्हणणं मोठं होईल. मी गठ्ठ्यातलं एकेक कार्ड काढून त्यावरची ओळ पुस्तकात शोधत गेले. पुष्कळ ओळी पहिल्यांदा कळल्या नाहीत. फुगलेली कार्डं नव्याने पंच केली, म्हणजे कोऱ्या कार्डांवर तीच भोकं पाडली. नव्या मशीनला न रुचणाऱ्या ओळी बदलल्या, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी वाटे की आता हे सगळंच कोसळणार. नागपूरची बस आमच्या गावच्या फाट्यावरून जायची. मांडीवर डबा घेऊन मी खिडकीतून फाटा बघायची. पानठेल्यावर ओळखीचं कुणी दिसायचं. पण मशीनची वेळ ठरलेली असे, उतरता यायचं नाही.

दिवाळीच्या थोडं आधी एकदा काका हसतच बाहेर आले. त्यांनी छापील कागदाची जाड घडी माझ्या हातात दिली. गठ्ठा चालला होता. मी ती घडी तिथेच उभी राहून वाचली. संकरित वाण वर आणि गावरान सगळ्यांत खाली, फरकही ठसठशीत. दुसऱ्या दिवशी सरांनी तक्ता पाहिला, खाली वर करून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "स्पष्ट निकाल आहे. आता लिहायला घ्या." मी दिवाळीला घरी गेले ती हलकी होऊन गेले.

बाबांना कागद दाखवला. त्यांना आकडे वाचता यायचे. आमच्या वावराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आपल्या वावरातबी गावरानच पडला म्हन्ते हे?"

"हो, बाबा. सगळ्यांत खाली."

"मंग माहे डोये फुटले होते का? मांगच्या साली त्या तुकड्यात पराटी कशी पांढरी झालती."

"कॉम्प्युटरनं काढलंय, बाबा."

"थ्यानं पाह्यलं होतं का वावर?"

"राहू द्या ना जी," माय चुलीपाशून म्हणाली. "पोरगी आत्ताच आली. आल्याबरोबर तिची परीक्षा नोका घेऊ."

बाबांनी कागद नीट घडी न करता परत दिला. मला ते लागलं. कॉम्प्युटरवर माझा विश्वास होता, आणि बाबांच्या डोळ्यांवरही होता. दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे असतील, ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात सीतादही होतं. कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे बाया हे करतात. माय आणि शेजारच्या दोघी-तिघी दहीभाताचं भांडं घेऊन धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधालगतच्या कोपऱ्यात गेल्या. पराटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला, दोन झाडांच्या मधे कापसाचा धागा ताणला. मग त्या कोपऱ्यातला कापूस वेचून मायनं पदरात घेतला. मीही वेचत होते. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "माय, याचं वजन?"

"याचं काहाले वजन? हा देवीचा असते. याच्या वाती करत नाई का आपन? पह्यल्यांदाच वावरात आली का तू?"

बाया हसल्या. एक म्हणाली, "कॉलेजात दहीभाताचंबी वजन करत असन वं."

"पण माय, मागच्या साली प्रयोगाचा तुकडा इथंच होता ना?"

"इथूनच तं चालू होता. तो वजनवाला दादा दुसऱ्या रोजी काटा घेऊन आला. म्या म्हटलं, हा तुकडा तं आमी काल वेचला बापा. तो म्हने, राहू द्या माय, हे कोरंच ठेवतो."

मी वेचलेला कापूस हातात धरून तशीच उभी राहिले. प्रयोगाचे तुकडे इतके लहान होते की सीतादहीचा कापूस म्हणजे त्या तुकड्याचा जवळजवळ अख्खा पहिला वेचा. आणि सीतादही काही एकट्या आमच्याच घरी होत नव्हतं. कोणत्या तुकड्यात कोणता वाण, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं असं संख्याशास्त्राच्या पुस्तकात होतं. गावोगाव मात्र शेतकऱ्याच्या ओळखीचा गावरान आधी, धुऱ्यालगतच्या कोपऱ्यात, आणि नवे वाण त्याच्या पुढे, असंच लावलेलं होतं. वजन करणाऱ्यानं ती जागा कोरी ठेवली, ते बरोबरच होतं. कार्डावर मीही ती कोरी ठेवली होती. मग गठ्ठ्यानं त्या कोऱ्या जागेचं काय केलं?

वर्ध्याला परत येऊन मी आकडे वाचणारी कार्डं काढली. काकांच्या पुस्तकात ते साध्या वाक्यात दिलेलं होतं, माझ्याच नजरेतून सुटलं होतं. आकड्याच्या ठिकाणी काहीच नसेल, तर त्या वेळचा प्रोग्राम शून्य वाचायचा. कापूस झाला, पण काट्यावर आला नाही, ही गोष्ट गठ्ठ्याच्या लेखी 'कापूस झालाच नाही' अशी होत होती. गावरान खाली गेला तो त्यामुळे.

त्यातलं एक कार्ड घेऊन मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, गठ्ठा कोरी जागा शून्य म्हणून वाचतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ओळ वाचली मी, सर. आमच्या वावराचा हिशोब हातानेही करून पाहिला." मी कार्ड पुढे केलं.

सरांनी ते खिडकीच्या उजेडात धरून भोकं पाहिली. "माझा प्रबंधही यातूनच गेलाय," ते म्हणाले.

मग कार्ड त्यांनी मला परत दिलं.

"मुदत वाढणार नाही, माहीत आहे ना? आहे तो निकाल लिहून दिलात तर कुणी विचारणारही नाही."

"बाबा विचारतील, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "मग दुरुस्त करा. परीक्षकांपेक्षा तेच कडक दिसतात."

उपाय साधा होता, करताना मात्र घाम फुटला. वजन नसेल तिथे नऊ नऊ नऊ असं पंच करायचं, कारण तेवढं वजन त्या तुकड्यातून येणं शक्यच नव्हतं. प्रोग्रामला नऊ नऊ नऊ दिसलं की त्याने शून्य धरायचं नाही, तर नसलेल्या आकड्याचा अंदाज काढायची संख्याशास्त्रातली रीत वापरायची. हे शिकवणारी कार्डं मी गठ्ठ्यात घातली. मशीनने ती परत फेकली. पुन्हा घातली, पुन्हा फेकली. एकदा तर सगळ्याच वावरांत नऊशे नव्याण्णव पिकलं, तेव्हा काका म्हणाले, "वर्धा जिल्हा तं श्रीमंत झाला जी ताई." पण मग स्वतःच म्हणाले, "दुपारी माह्या डब्याच्या वेळेले मशीन रिकामं असते. तवा येत जा. मी भाकर खातो, तुमी याले खाऊ घाला."

त्या दुपारच्या वेळांनी मला वाचवलं. मुदत संपायच्या आत नवे तक्ते आले. गावरान आता तळाला नव्हता आणि वरही नव्हता. वाणांमधला फरक ठामपणे सांगण्याइतका नाही, एवढंच या आकड्यांवरून म्हणता येत होतं. पहिल्या निकालापुढे हा फिका होता. कोपऱ्यातल्या तुकड्याची आणि सीतादहीची हकिगत मी प्रबंधात लिहिली. परीक्षकांनी तेवढीच पानं पुन्हा वाचायला मागितली, आणि सीतादही कसं करतात तेही विचारलं.

प्रोग्रामला न वाचता पुढे जाता येईल अशी कार्डंही करता येतात, फक्त माणसांसाठी. तशी काही मी गठ्ठ्यात ठिकठिकाणी ठेवली. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहिलं. इथे काय होतं, हे का बदललं, नऊ नऊ नऊ म्हणजे काय. डब्यातली फुगलेली कार्डं सगळी बदलली. शाईची तिरकी रेघ नव्याने ओढली. त्या उन्हाळ्यात सरांनी कपाटातून स्वतःचे जुने आकडे काढून माझ्यासमोर ठेवले. "हेही एकदा घालून बघा," म्हणाले. त्यांच्या निकालात फरक किरकोळ निघाला. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांनी गठ्ठा हाती दिला तो 'आधी वाचा, मग चालवा' असं सांगून.

पदवीची बातमी घेऊन मी नागपूरच्या बसमधून फाट्यावर उतरले. बाबा धुऱ्यावर बसले होते.

"मंग? गावरान पास झाला का?"

"नापास नाही झाला, बाबा."

"अन् तू?"

"मी पास झाले."

"बरं झालं," ते उठत म्हणाले. "दोघंबी घरचेच होते." मग घराकडे चालता चालता, मागे न बघता त्यांनी विचारलं, "आता याच्या पुढं काय शिकाव लागते?"