प्रोबेशनवरची लेक

मी जन्मापासून ख्रिस्ती. बाप्तिस्मा झाला तेव्हा मला दातही आले नव्हते. पण मी देवाचं लेकरू आहे, असं पंचेचाळिशी उलटली तरी मला मनापासून कधी वाटलं नव्हतं. दिल्लीतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी सेक्रेटरी. उपासनेआधी खुर्च्या मांडायच्या, गीतांची पुस्तकं वाटायची, कोणी आजारी असलं की भेटून यायचं, सगळ्यात मी पुढे. लोक म्हणत, केवढी भक्ती. भक्ती कसली, भीती होती. सरकारी नोकरीचा परिणाम असेल, माझी प्रार्थनासुद्धा वार्षिक अहवालासारखी असायची. प्रभू, या आठवड्यात हे केलं, ते केलं, सांभाळून घे. ज्या आठवड्यात काही जमलं नाही, त्या आठवड्यात डोळे मिटायचीही लाज वाटायची.

अशा माणसाच्या घरी रोशनी आली. आम्हाला मूल नव्हतं. बरीच वर्षं वाट पाहून मी आणि माझ्या पत्नीने, शालिनीने, दत्तकासाठी नाव नोंदवलं आणि ही सहा वर्षांची मुलगी एका संस्थेतून, तिच्या भाषेत 'होम'मधून, आमच्या फरीदाबादच्या घरी आली. पक्का आदेश यायला काही महिने लागणार होते, तोवर ती आमच्याकडेच राहणार होती. उठल्या उठल्या चादरीची घडी करायची, जेवल्यावर स्वतःचं ताट धुवायची, कारल्याची भाजी वाढली तरी निमूटपणे संपवायची. पोरगी किती गुणी, असं आम्ही येईल त्याला कौतुकाने सांगत होतो. एकच गोष्ट खटकायची. संस्थेतून आणलेली निळी पिशवी ती रिकामी करू देत नसे. धुतलेले कपडे वाळले की पुन्हा त्या पिशवीत. आणि आम्ही तिचे अंकलजी आणि आंटीजी.

आदेश आला तो बुधवारी. रविवारी मंडळीत कापणीचा सण होता. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या शेतातलं, घरातलं काही ना काही देवापुढे आणून ठेवायचं असतं. दिल्लीत शेत कुठलं, मग कोणी बाजारातून भोपळा आणतं, कोणी अंडी, कोणी घरचा केक. आमचा केक ठेवताना सगळ्यांसमोर आनंदाची बातमी सांगायची, असं आम्ही ठरवलं आणि रोशनीलाही काही बोललो नाही.

रविवारी निघताना केक मीच नेणार म्हणून ती हटून बसली. तिसऱ्या मजल्यावरून चार पायऱ्या उतरली असेल-नसेल, पाय घसरला आणि केकचा चुरा जिनाभर झाला. मी ओरडलो, "नीट धरता येत नाही तर घ्यायचा कशाला? आता काय तोंड घेऊन जाऊ तिथे?" लागलं का, हेसुद्धा मी विचारलं नाही. शालिनी झाडू आणायला आत गेली, तिच्या मागोमाग ही गेली आणि निळी पिशवी खांद्याला अडकवून बाहेर आली.

"अंकलजी, चलें?"

"कुठे?"

"होम वापस. मेरा प्रोबेशन फेल हो गया ना?"

मला आधी उमगेना. मग आठवलं. काही महिन्यांपूर्वी याच जिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं होतं, बच्ची अब आपकी हो गई? रोशनीचा हात हातात धरून मी हसत म्हणालो होतो, "अभी तो प्रोबेशन पर है जी." ऑफिसातला विनोद. नंतर, हे आम्हाला पुढे कळलं, तिने त्याच बाईंना अर्थ विचारला आणि त्यांनी भाबडेपणाने सांगितला, अच्छा काम किया तो रख लेते हैं, नहीं तो वापस.

मी सुटासकट त्या चुऱ्यातच बसलो आणि तिला जवळ ओढलं. म्हणालो, "बेटा, तू बुधवार से हमारी है. साहब ने काग़ज़ पर दस्तख़त कर दिए हैं."

तिने विचार केला. "केक गिराने से पहले?"

"पहले."

"तो अब?"

"अब कुछ नहीं. अब तू घर में है."

हे तिला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, ते मलाच सांगितलं जात होतं. चार दिवस ती आमची मुलगी होती आणि चारही दिवस पाहुण्यासारखी ताट धूत होती. मी काय वेगळं करत होतो? माझ्या नावावरची सही तर वधस्तंभावर झाली होती, माझ्या हातून काही पडायच्या किती आधी. मुलगा होण्यासाठी काही कमवायचं नव्हतं, फक्त विश्वास ठेवायचा होता. मी मात्र जन्मभर पिशवी भरून दाराशी उभा होतो. जिन्यात बसून मी लहान मुलासारखा रडलो आणि इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आम्ही उशिरा पोहोचलो. खुर्च्या कोणीतरी मांडल्या होत्या, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. अर्पणाच्या रांगेत मी पहिल्यांदाच रिकाम्या हाताने गेलो. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, काय आणलंत?"

"काहीच नाही," मी म्हणालो आणि रोशनीला उचलून घेतलं. "ही आमची मुलगी." सगळी मंडळी उभी राहिली आणि टाळ्या थांबेचनात.

ती पिशवी आता कांदे-बटाट्यांना आहे. पण ती रिकामी व्हायला आणखी तीन आठवडे लागले. एका दुपारी जेवायला बसलो तेव्हा रोशनीने ताट पुढे ढकललं आणि म्हणाली, "बाबा, मैं करेला नहीं खाऊँगी. बिल्कुल नहीं." शालिनी हसता हसता डोळे पुसू लागली. जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडे होती. मी अहवाल दिला नाही. बापा, तुझे आभार, एवढंच म्हणालो आणि तिच्या ताटातलं कारलं मीच खाल्लं.