एक थेंबही न चाखणाऱ्या काकू

त्या रस्त्यावर सहा वायनऱ्या आहेत आणि सहाही काकूंना पाठ आहेत. कुठल्या वळणावरचे द्राक्षवेल सर्वांत जुने, कुठल्या तळघरात डोकं वाकवून शिरायचं, कुठल्या मालकाला सकाळी अकराच्या आत बोलतं करायचं नाही, सगळं. पाहुण्यांची गाडी घेऊन आठवड्यातले पाच दिवस त्या हा रस्ता करतात. गाडी चालवतात काका, म्हणजे त्यांचे यजमान. बोलतात काकू. घरीही साधारण हीच वाटणी.

नवल एवढंच, की इतक्या वर्षांत काकूंनी वाइनचा एक थेंबही जिभेवर ठेवलेला नाही. लग्नाआधी त्यांनी देवाला तसा शब्द दिला होता. का दिला, ते कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. पहिल्या वायनरीत त्या ग्लास धुवायला लागल्या, अकरा वर्षं धुतले. धुता धुता वाइन करणाऱ्यांचं बोलणं कानावर पडत गेलं आणि ग्लासाच्या तळाशी उरलेल्या थेंबाचा वास नाकात बसत गेला. एकदा गाईड आजारी पडला म्हणून मालकीणबाईंनी यांना पुढे केलं, त्या पुढेच राहिल्या.

“लोक नाकानं कांदे सोलतात,” काका पाहुण्यांना सांगायचे, “आमची ही नाकानं घर चालवते.”

गेल्या हंगामात सहलींच्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांनी काकूंना बोलावून घेतलं. “काकू, जी बाई पीत नाही तिनं वाइनवर बोलायचं? पाहुणे हसतील हो. आज मी बरोबर येतो. नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून कोर्स केलेली एक मुलगी आहे, तिला घेऊ. आणि तुम्ही पीत नाही हे कुणाला कळू देऊ नका.”

काकू “बरं” म्हणाल्या. गाडीत बसल्यावर रोजच्यासारखे डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आज जरा जास्त वेळ.

“सगळं सांगून झालं का देवाला?” काकांनी विचारलं.

“तुम्ही रस्ता बघा.”

पहिली वायनरी सुरळीत पार पडली. दुसरीत मात्र घोळ झाला. पाहुणे तीसच्या वर. मालकानं ग्लास ओळीनं मांडले, मोठ्या हौसेनं आपली सर्वांत चांगली लाल वाइन ओतली. टोपीवाल्या एका पाहुण्यानं ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. “अहो, ही खराब झालीय. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” बाकीच्यांनीही हुंगलं. येत होता खरा. मालकानं दुसरी बाटली फोडली. तोच वास. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं पिंपात जपलेला माल होता तो.

साहेब काकूंच्या कानाशी आले. “यांना घेऊन पुढच्या ठिकाणी निघा, लवकर.”

काकू हलल्या नाहीत.

“गाईडबाई, तुम्हीच चाखा आणि सांगा,” टोपीवाले म्हणाले.

सगळे बघायला लागले. साहेबांनी डोळ्यांनी खूण केली, घ्या एक घोट. पण शब्द देवाला दिला होता, साहेबांना नव्हे.

“मी घेत नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच घेतली नाही. मला एक रिकामा ग्लास द्या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. काकूंनी रिकामा ग्लास नाकाशी धरला, मग दुसरा, मग तिसरा. मालकाकडे वळून हळूच विचारलं, “हे ग्लास आज खोक्यातून काढलेत का?”

“हो काकू. गर्दी मोठी म्हणून नवे काढले. पुसून घेतले चांगले.”

“पुसलेत, धुतले नाहीत. वाइनला काही झालेलं नाही. ग्लास पालथे पडून होते खोक्यात, पुठ्ठ्याचा वास आत कोंडलाय.”

बाह्या वर सारून त्या मोरीपाशी गेल्या. गरम पाण्यात, साबण न लावता, ग्लास खळबळले. निथळल्यावर प्रत्येकात चमचाभर वाइन घालून गोल फिरवली आणि ओतून टाकली. मग त्याच बाटलीतली वाइन त्यांनी आधी टोपीवाल्यांना दिली.

त्यांनी हुंगलं. घोट घेतला. पुन्हा हुंगलं. “तीच बाटली?”

“तीच. पिकलेल्या जांभळाचा वास यायला हवा. मागून लाकडाचा.”

“येतोय,” ते म्हणाले, आणि टोपी काढून मालकापुढे मान लववली. “चूक झाली माझी.” मालकानं काकूंचे ओले हात दोन्ही हातांत धरले.

गाडी निघाली. काकूंना राहवेना. सगळ्यांसमोर विचारलं, “साहेब, पुढच्या महिन्यात मी की ती मुलगी? आत्ताच सांगा. घरी जाऊन स्वयंपाक करायचाय, डोक्यात हा भुंगा नको.”

“तुम्हीच,” साहेब म्हणाले. “मुलगीही येईल. तुमच्या हाताखाली, शिकायला.”

मागे टाळ्या पडल्या. काकांनी लांबलचक हॉर्न वाजवला.

“अहो, समोर कोण आलंय?”

“कुणी नाही,” काका म्हणाले, आणि पुन्हा वाजवला.