डॅरेलचं 'नको'

आयोवातल्या त्या छोट्या गावात दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका जमायच्या आणि येशूची पुस्तकं पाकिटांत भरून टपालाने घरोघर पाठवायच्या. पत्ते लिहायचं काम व्हर्ला हूकस्त्राचं. एकवीस वर्षं तिने त्याला कुणाला हात लावू दिला नाही. "तुमच्या अक्षराने पोस्टमन रडेल," असं ती तोंडावर सांगायची.

दर ईस्टरला एक पाकीट ती ओमाहाला, आपल्या मुलाला, डॅरेलला पाठवायची. बापाशी भांडून, चर्चला शिव्या घालून तो गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. पाकीट मात्र न चुकता परत यायचं. वर त्याच्या हातचा, डावीकडे कललेला एकच शब्द असायचा, 'नको'.

"कशाला जिवाला लावून घेतेस? नको तर नको!" शेजारी बसून तिकिटं लावणारी अर्लीन म्हणायची.

"तू गप बस आणि तिकिटं चिकटव."

या वर्षी मे संपला तरी पाकीट परत आलं नाही. तळघरात आनंदीआनंद झाला. डॅरेलने पुस्तक ठेवून घेतलं म्हणून अर्लीनने लिंबाचा केक आणला. व्हर्लाने त्याला बोटही लावलं नाही.

जूनमध्ये पाकीट आलं. कुणीतरी गोल, नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'हा माणूस मार्चमध्ये वारला.'

अर्लीन तिला तिच्या घरी सोडायला गेली. व्हर्लाने कपाटाचा खण ओढला. आत परत आलेली एकोणीस पाकिटं होती, एकही फोडलेलं नव्हतं.

"पुस्तक वाचावं म्हणून कुठे पाठवत होते गं मी," ती म्हणाली. "वर्षातून एकदा त्याचं अक्षर यायचं."